दूध काढायच्या मशीनचा व्हॅक्यूम पंप : १० महिने वापरल्यानंतर

मशीन घेताना सगळे बादली बघतात. चकचकीत स्टील, पारदर्शक नळ्या, त्यातून धावणारं दूध. आमच्या गोठ्यात डेमोला आलेल्या पोराने तेच दाखवलं. बाजूला मोटारीला पट्ट्याने जोडलेला बिडाचा जो डबा, म्हणजे हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप, घरघरत होता, त्याबद्दल एकच वाक्य बोलला, तेही माझ्याकडे न बघता आमच्या ह्यांच्याकडे बघून : "साहेब, यात तेल टाकत जा." साहेब दिवसभर कपाशीत असतात. पंप मी चालवते. आणि १० महिन्यांत जो काही ताप झाला आणि जे काही शिकले, ते सगळं त्या डब्यापायी. म्हणून बादलीबद्दल इथे फारसं काही नाही.

आम्ही आर्वी तालुक्यातले. दुभती ११, त्यात ८ संकरित गाई, २ म्हशी आणि १ गवळाऊ, म्हणजे आमच्या भागातली देशी गाय. गवळाऊ मशीन लावून घेत नाही. वासरू कासेला लागल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही, म्हणून तिची धार सासूबाई हातानेच काढतात आणि रोज एकदा ऐकवतात, "मशीनले का कळते, गाय पान्हावली का नाई ते?" बाकी १० जनावरं दोन बादल्यांवर. दीड एचपीची सिंगल फेज मोटर, तेलावर चालणारा रोटरी वेन पंप. सकाळ-संध्याकाळ मिळून अडीच तास चालतो.

आत काय असतं ते उघडल्यावरच कळलं. गोल पोकळीत रोटर बसवलेला असतो, पण बरोबर मधोमध नाही, एका अंगाला टेकून. रोटरला उभ्या खाचा आणि त्यात फायबरच्या पट्ट्या, त्याच वेन. रोटर फिरला की पट्ट्या बाहेर फेकल्या जाऊन भिंतीला घासत चालतात, एकीकडून हवा ओढतात, दुसरीकडून सायलेन्सरमधून फेकतात. तेल घासणं तर कमी करतंच, शिवाय पट्टी आणि भिंतीतली बारीक फटही तेच बुजवतं. तेल कमी पडलं की पट्टीही झिजते आणि व्हॅक्यूमचा काटाही चढत नाही.

काट्याचं सांगते. फिटरने जाताना तो ५० किलोपास्कलवर ठेवला होता, "लवकर निघते दूध" म्हणून. महिनाभरात दोन गाईंच्या सडांच्या टोकाला पांढरट कडक कडं आलेलं दिसलं. डॉक्टरांनी आधी काटा बघितला, मग गाय. आता ४४ वर आहे. जुन्या काट्यांच्या तबकडीवर पाऱ्याचे इंच असतात, त्यावर हे साधारण १३ येतं. जास्त ठेवलं की सड दुखावतात आणि दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, वाट मिळते. फार कमी झालं की सडांना लावलेले कप गळून शेणात पडतात, आणि पडले की पाइपात शेणासकट हवा जाते.

बसवण्यातल्या चुका मात्र सगळ्या विक्रेत्याच्या माणसाच्या. पंप त्याने गोठ्यातच गव्हाणीच्या टोकाला ठेवला. कुटाराची धूळ, मुताची वाफ, वरून सायलेन्सरचा तेलकट धूर गाईंच्या तोंडावर. दोन आठवड्यांत तेलदाणीच्या तळाशी भुसा दिसला. शेवटी भिंतीला भोक पाडून पंप बाहेर नेला, उत्तरेच्या अंगाला, वर टिनाचं छप्पर. तिथे सावलीही असते आणि वाराही लागतो. सायलेन्सरचा पाइप त्याने सरळ वर उभा केला होता, त्यामुळे थंडीत त्यात जमलेलं तेल-पाणी परत पंपात उतरायचं. आता पाइप पंपापासून लांब जाताना उतरता आहे, एकच वाक, तोंडाखाली थेंब झेलायला पत्र्याचा डबा. पाइप बारीक करायचा नाही, पंपाच्या तोंडाएवढाच ठेवायचा, नाहीतर हवा कोंडते आणि पंप तापतो.

मोटारीच्या पट्ट्यावर जाळी नव्हती. दुसऱ्याच दिवशी पदर जाता जाता वाचला. जाळी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली, ३५० रुपये. बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण जाळीशिवाय पंप सुरू करू नका.

अर्थिंगचा किस्सा तर वेगळाच. एप्रिलमध्ये गाई कप लावताना लाथा मारू लागल्या. मला हात लावून काही जाणवत नव्हतं. वायरमनने सांगितलं, माणसाला कळत नाही एवढा करंट गाईला लागतो, ती ओल्या जमिनीवर चार पायांवर उभी असते. अर्थिंगच्या खड्ड्यातली काळी माती वाळून हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. कोळसा-मीठ पुन्हा भरलं, रोज एक बादली पाणी. शिवाय पंप आणि लोखंडी पाइप यांच्यामध्ये रबरी नळीचा तुकडा बसवला. चौथ्या दिवशी गाई शांत.

आता तेल. पुस्तिकेत मिनिटाला ५ थेंब लिहिलेत. काचेतून मोजता येतात. हिशेबाने महिन्याला लिटरभराच्या आसपास लागतं, कारण आमच्या पंपात तेल परत फिरत नाही, काम करून सायलेन्सरमधून निघून जातं. पण ५ थेंब एकदा लावून विसरायचे नसतात. डिसेंबरच्या पहाटे तेल घट्ट, स्क्रू तोच तरी जेमतेम २ थेंब. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, तेच तेल पाण्यासारखं, ९-१० थेंब, तेलदाणी रिकामी आणि पाइपाखालच्या डब्यात तळं. म्हणून मी रोज सुरू केल्यावर घड्याळ लावून एक मिनिट मोजते, चहा उकळेपर्यंत होतं. उन्हाळ्यात पंपावर पाण्याचा थेंब टाकून बघायची सवय लावा. नुसता वाळला तर ठीक, चर्र झाला तर बंद करून थांबायचं.

पोळ्याच्या वेळी तेल संपलं, दुकानं बंद. ह्यांनी ट्रॅक्टरचं इंजिन ऑईल ओतलं, "तेल ते तेल". इंजिन ऑईलमध्ये मळ धरून ठेवणारी द्रव्यं असतात. ती दमट हवेतलं पाणीही धरून ठेवतात. तीन दिवसांनी काचेत पांढुरकं ताक दिसलं. आता एक सीलबंद लिटर नेहमी कपाटात, किल्ली माझ्याकडे.

सगळ्यात मोठा घोळ जानेवारीतला. एका गाईची बादली वेळेवर बदलली नाही, दूध वर आलं आणि नळीतून पाइपात गेलं. पंपाच्या आधी एक सापळा असतो. त्यात दूध आलं की चेंडू वर उचलून वाट बंद करतो. आमचा चेंडू वाळलेल्या फेसाने तळाशी चिकटलेला, कारण सापळा धुवायचा असतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. सायलेन्सरमधून जळक्या खव्यासारखा वास आला, पण दूध काढणं संपलं होतं, मी पंप बंद करून निघून गेले. पहाटे मोटर नुसती गुणगुणली. मेकॅनिकने झाकण उघडलं, रोटरच्या खाचांत बोट फिरवलं आणि म्हणाला, "वैनी, पंपात तं दही लावलं तुमी!" पट्ट्या खाचांत घट्ट चिकटल्या होत्या.

त्याने पट्ट्या काढून, खाचा घासून पुसल्या. एक पट्टी कडेला तडकली होती, म्हणून पूर्ण संच बदलला. २,२०० रुपये. त्या रात्री लगेच धुतला असता तर एवढं झालं नसतं. कधी थोडं दूध गेलंच, तर पंप निवल्यावर डिझेल आणि पंपाचं तेल अर्धं-अर्धं मिसळून वाटीभर, चालू पंपात घोट-घोट ओढू द्यायचं, मग १० मिनिटं नुसतं तेल. सायलेन्सरमधून डिझेलचा धूर येतो, तेव्हा विडीवाल्यांना आधी लांब पाठवा. आमच्याकडे एकाने तिथेच काडी ओढली होती.

लाइट जाण्याचाही पंपाशी संबंध आहे. पाइपात व्हॅक्यूम असताना मोटर थांबली की पंप क्षणभर उलटा फिरतो, तेल पाइपात खेचलं जातं, पट्ट्यांना धक्का बसतो. स्वतः बंद करताना आधी पाइपाचा कॉक उघडून काटा शून्यावर आणायचा, मग बटण. पण लोडशेडिंग विचारून येत नाही, म्हणून उलट हवा अडवणारा व्हॉल्व्ह बसवला, नागपूरहून मागवून. सुरू करतानाही कॉक उघडाच ठेवते. व्होल्टेज १८० पर्यंत उतरलेलं असतं तेव्हा भरल्या ओझ्याने मोटर उचलत नाही.

गळती शोधायला साबणाचा फेस लावू नका, इथे हवा आत जाते, फुगा येतच नाही. उदबत्ती घ्या. जोडाजवळ धरली की धुराची रेघ वाकून आत शिरते. आमच्याकडे दोन कॉक असे सापडले.

कपाच्या आतलं लायनरचं रबर साधारण २,५०० धारांनंतर बदलतात. आमच्या हिशेबाने आठेक महिने, ते जूनमध्ये झालं. नव्या पट्ट्या मागच्या आठवड्यात लेथवाल्याकडे मोजल्या, सहा-सात महिन्यांत मिलिमीटरभरही झिजलेल्या नाहीत.

घ्यावं का? ६-७ जनावरांच्या आत असाल तर माझ्या मते नको, धुण्यातच वेळ जातो. आमचं सकाळचं काम अडीच तासांवरून सव्वा तासावर आलं आणि माझी बोटं रात्री आखडत नाहीत. आवाज मात्र आहे. शेजारच्या काकूंनी भिंतीवरच्या तेलाच्या डागाची तक्रार केली आहे, पाइप आणखी चार फूट लांब न्यायचा आहे. पण तेवढ्यासाठी दुसरा वाक द्यावा लागेल, म्हणून अजून थांबले आहे.