स्टीलची जाळी पाहून भुललो

नागपूरजवळ काटोल रोडला आमची संत्र्याची बाग आहे. कॅरेट आणि फवारणीचं सामान वाहायला दोन वर्षांपूर्वी एक जुनी एटीव्ही, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालणारी चारचाकी दणकट बाइक, घेतली. यंदा आंबिया बहाराच्या संत्र्यांचा तोडा तोंडावर आला आणि पुढच्या ब्रेकच्या तिन्ही होजला (चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या लवचिक नळ्यांना) भेगा दिसल्या. मूळ होज मागवायचे तर तीन आठवडे थांबा आणि तिन्हींचे मिळून साडेपाच हजार मोजा. माझ्याकडे तेवढा धीर नव्हता.

सी.ए. रोडला लागून असलेल्या एका गल्लीत दुकान सापडलं. काउंटरवरच्याने स्टीलची जाळी चढवलेली चकचकीत होज समोर टाकली. "टेफ्लॉनवाली आहे भाऊ, बुलेटले हेच लावतो आपण. काहाले टेन्शन घेता?" जुन्या होजच्या मापाने तीन तुकडे कापले, मागच्या मशीनवर टोकं प्रेस केली, चोवीसशे घेतले. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून त्यावर 'पाइप ३ नग' लिहून दिलं. तेव्हाच मागे फिरायला पाहिजे होतं, पण जाळीची चमक डोळ्यांत भरली होती.

पंधरा-वीस दिवस बरे गेले. मग लिव्हर स्पंजासारखा मऊ लागायला लागला. लाइनमध्ये हवा असेल म्हणून दोनदा ब्लीड केलं, म्हणजे चाकाजवळच्या निपलमधून ऑइलसोबत हवा काढली. दुसऱ्या वेळी निपलमधून निघालेलं ऑइल चहाच्या चोथ्यासारखं काळपट होतं. डबा सीलबंद, डॉट ४ या ब्रेक ऑइलचा, मीच फोडलेला. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

नाल्याच्या उतारावर आठ कॅरेट लादून उतरत होतो. ब्रेक दाबला, लागला. सोडला, तर उजवं चाक सुटेच ना. गाडी त्या बाजूला ओढली जाऊन बांधावर चढली. कॅरेट नाल्यात गेले, मी झुडपात. गाडी उलटली नाही, हे नशीब. डिस्कजवळ हात नेला तर आच लागत होती.

हिंगणा एमआयडीसीतल्या ओळखीच्या फिटरने ती होज उभी चिरली. टेफ्लॉन असतं तर आत पांढरी, गुळगुळीत, कडक नळी निघाली असती. निघालं काळं रबर, तेही फुगून इतकं जवळ आलेलं की सायकलची तार मुश्किलीने जाईल. तो म्हणाला, "दादा, हा जेसीबीच्या लाइनचा पाइप आहे." त्या पाइपात नायट्राइल रबर असतं. खनिज तेलाला ते चालतं, पण डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉलचे, त्यात ते फुगतं. लिव्हरच्या दाबाने ऑइल पुढे ढकललं जातं, पण परतायला वाट उरत नाही, म्हणून ब्रेक धरून राहतो. ब्रेकच्या रबरी होजला आतून ईपीडीएम नावाचं वेगळं रबर लागतं.

खात्रीसाठी मी एका ग्लासात डॉट ४ घेऊन दोन तुकडे बुडवले, एक मूळ होजचा आणि एक या नव्याचा. चौथ्या दिवशी मूळ तुकडा जसाच्या तसा. नवा बोटाने दाबला तर लिबलिबीत, आणि ऑइल काळं. (ग्लास उचलताना दोन थेंब एटीव्हीच्या मडगार्डवर सांडले, तिथला रंगही गेला. हे ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.)

मूळ होज नीट पाहिली तेव्हा कळलं, तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, 'डॉट', माप आणि महिना-वर्ष छापलेलं आहे. कुठे 'एसएई जे १४०१' हा ब्रेक होजचा मानक क्रमांक असतो. माझ्या चकचकीत होजवर एक अक्षर नव्हतं. मापही अंदाजाने घेतलं होतं. ते जॅकवर चाक पूर्ण लोंबकळत ठेवून आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून घ्यायचं असतं, नाहीतर खड्ड्यात होज ताणली जाते. होज जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर तर दुकानदाराने जुनेच परत दिले होते.

चिरलेली होज घेऊन दुकानात गेलो. "तुम्ही इंजिन ऑइल टाकलं असन," म्हणे. सीलबंद डब्याचा फोटो दाखवला, तर "पाइपवर गॅरंटी नसते भाऊ." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "बिल आहे का?" माझ्याकडे वहीचं ते पान होतं. त्यावर ना दुकानाचं नाव, ना तारीख.

आता साडेपाच हजारांच्या मूळ होज लावल्या आहेत. तीन आठवडे थांबलोच शेवटी, आणि अर्धा तोडा बैलगाडीने काढला.