अलेक्झांडर १०३: सुरांच्या कसोटीवर
जर्मनीतील माइन्झ येथील अलेक्झांडर या वाद्यनिर्मात्या कंपनीचा '१०३' हा दुहेरी फ्रेंच हॉर्न (एकाच वाद्यात दोन लांबीच्या नळ्या असलेले, फुंकून वाजवायचे पितळी वाद्य) १९०९ पासून तयार होत असून त्याच्या भरदार आवाजाला जर्मन वाद्यवृंदांत आजही मान आहे. अंगठ्याच्या एका दाबाने एफ या स्वराच्या सुमारे बारा फुटी नळीवरून बी-फ्लॅट या स्वराच्या नऊ फुटी नळीवर जाता येत असल्यामुळे वरच्या सप्तकातील निसटते स्वर बरेच आटोक्यात येतात.

सूर मात्र आयता मिळत नाही. दोन्ही बाजूंच्या सरकत्या नळ्या वेगवेगळ्या जुळवाव्या लागतात, आणि सातवा उपस्वर (नळीतून निसर्गतः निघणाऱ्या स्वरमालिकेतला सातवा स्वर) सुमारे ३१ सेंट (सेंट म्हणजे पियानोवरील लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, त्याला कोणताही कारागीर काही करू शकत नाही. मेजर कॉर्डमधील (सा-ग-प या एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहातील) गंधार वाट्याला आला, तर तो पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली घ्यावा लागतो; अशा वेळी सूर मोजणाऱ्या ट्यूनर यंत्राच्या काट्यापेक्षा (तो इथे चक्क दिशाभूल करतो) हॉर्नच्या कर्ण्यात (रुंद तोंडात) घातलेला उजवा हात आणि शेजारच्या वादकाकडे लागलेला कान अधिक कामाचे ठरतात. थंड वाद्य उतरते, तापले की चढते. साचलेले पाणीही वेळोवेळी काढावे लागते. नवशिक्यांना मी हा हॉर्न सुचवणार नाही, परंतु ज्यांचा कान तयार आहे, त्यांनी तो स्वतः वाजवून पाहावा.