नातेवाईक म्हणून राजा दाखवणारी पितृवंश चाचणी

पितृवंश शोधणारी एक डीएनए चाचणी मी नुकतीच करून घेतली. कंपनीचे नाव येथे देत नाही. गालाच्या आतल्या बाजूवर स्वॅब मिनिटभर घासायचा, त्याचे टोक कुपीत मोडून टाकायचे आणि पाकीट परत पाठवायचे, एवढेच काम असते. स्त्रियांमध्ये वाय गुणसूत्र नसल्याने त्यांच्या वतीने भावाची किंवा वडिलांची चाचणी करावी लागते, ही गोष्ट मात्र पैसे भरून झाल्यानंतरच्या पानावर सांगितली आहे.

अहवालाचा पूर्वार्ध चांगला आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, अधूनमधून होणारे बारीक बदल त्यात साठत राहतात आणि त्यांवरूनच शाखा ठरतात. माझी शाखा आर१ए, तिच्यातली झेड९३, कशावरून ठरवली हे तक्त्यात नीट मांडले आहे. दहा पिढ्या मागे पूर्वजांची १,०२४ स्थाने असतात आणि ही चाचणी त्यांतल्या एकाबद्दलच बोलते, याचा मात्र कुठे उल्लेख नाही.

मग येते ‘तुमचे राजघराण्यातील नातेवाईक’ हे पान. माझ्या नावाशेजारी सोनेरी मुकुट आणि खाली हंगेरीचा राजा तिसरा बेला, मृत्यू ११९६. त्याच्या अस्थींतले गुणसूत्र झेड९३ च्याच एका उपशाखेतले आहे, हे खरे. पण या शाखेचा मूळपुरुष ४,००० हून अधिक वर्षांपूर्वीचा. इतक्या लांबच्याला नातेवाईक म्हणायचे, तर परका कोणाला म्हणावे?

शिवाय राजवंशांच्या नोंदीही तितक्या पक्क्या नसतात. इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर येथे सापडला आणि आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएने त्याच्या ओळखीला बळकटी दिली. पण कागदोपत्री त्याच्याच पितृवंशातल्या पाच हयात पुरुषांपैकी एकाचेही वाय गुणसूत्र त्याच्याशी जुळले नाही, आणि त्या पाचांतला एकजण तर उरलेल्या चौघांहूनही निराळा निघाला. म्हणजे मधल्या पिढ्यांत कुठेतरी नोंदीतला बाप आणि खरा बाप वेगळे होते.

माझ्या लेखी पैसे वसूल झाले ते जुळणाऱ्यांच्या यादीमुळे. ३७ मार्करांवर, म्हणजे वाय गुणसूत्रावरच्या तुलनेसाठी तपासल्या जाणाऱ्या ठरावीक जागांवर, दोघेजण जुळले, एकाने उत्तर दिले. आमची आडनावे निराळी, दोघांच्याही वंशावळी पणजोबांपाशी थांबतात, आणि १११ मार्करांची पुढची चाचणी एकत्रच करावी, असे आता ठरते आहे. कंपनीने मात्र मुकुटाचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून घेण्याची आठवण मला तीनदा केली. जुळणीची यादी माझी मलाच शोधावी लागली.