सायजेन: बटण दाबा, शोधनिबंध घ्या

सायजेन हा संगणकशास्त्राचे बनावट शोधनिबंध रचून देणारा प्रोग्राम आहे, आणि तो फुकट आहे. एका निबंधाला त्याला काही सेकंद लागतात, आणि त्या निबंधात खरं असं काहीही नसतं. तरी संशोधन पद्धतीच्या कार्यशाळेत पहिल्या तासाला प्रोजेक्टरवर दाखवावं असं साधन कुठलं, तर हेच. औपचारिक भाषेमुळे एखादा मजकूर शास्त्रीय वाटायला लागतो म्हणजे नेमकं काय होतं, ते इथे सुटे भाग करून बघता येतं.

आधी थोडी ओळख. एमआयटीतल्या जेरेमी स्ट्रिब्लिंग, मॅक्स क्रोन आणि डॅन अगुआयो या तीन विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये हा प्रोग्राम लिहिला. परिषदांची आमंत्रणं सरसकट पाठवणाऱ्या आयोजकांची परीक्षा घ्यायची, हा हेतू. ‘रूटर’ नावाचा त्यातून निघालेला एक निबंध फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या डब्ल्यूएमएससीआय २००५ या परिषदेने ‘परीक्षण न झालेला’ या गटात स्वीकारलाही. बिंग फुटल्यावर स्वीकृती मागे घेतली गेली. मग तिघांनी त्याच हॉटेलात खोली घेऊन आपलं वेगळं सत्र भरवलं. रूटरच्या सारांशाची सुरुवात साधारण अशी: अनेक भौतिकशास्त्रज्ञ मान्य करतील की, गर्दी-नियंत्रण नसतं तर वेब ब्राउझरचं मूल्यमापन कदाचित कधी झालंच नसतं. भौतिकशास्त्रज्ञांचा इथे काय संबंध, असं विचारायला वाचणारा थांबत नाही. वाक्य ऐटीत पुढे जातं आणि आपणही त्याच्या मागोमाग जातो.

आत यंत्र अगदी साधं आहे. भाषेचं ‘ज्ञान’ वगैरे काही नाही. संदर्भमुक्त व्याकरणाच्या नियमांची एक लांबलचक फाईल आहे आणि ती वाचणारा पर्ल भाषेतला प्रोग्राम आहे. प्रत्येक नियम म्हणजे गाळलेल्या जागांचं वाक्य, आणि प्रत्येक जागेसाठी शब्दांची यादी. यादीतला शब्द पुन्हा एखाद्या नियमाकडे बोट दाखवू शकतो, म्हणून वाक्यात वाक्य उगवतं. आलेख ग्नूप्लॉट काढतो, चौकटी-बाणांच्या आकृत्या ग्राफव्हिझ काढतो आणि शेवटी सगळं लाटेक्समधून दोन स्तंभांत मांडून पीडीएफ होतं. स्वतःच्या संगणकावर चालवायचं तर पर्लसकट हे चारही आधी बसवलेले हवेत. लिनक्सवर काम सोपं, विंडोजवर डोकेदुखी. लेखकांची नावं आपण द्यायची. ‘सीड’ म्हणून एक आकडा देता येतो. तोच आकडा पुन्हा दिला की तोच निबंध पुन्हा निघतो. वर्गात सगळ्यांच्या हातात एकच निबंध हवा असेल तर ही सोय फार उपयोगी.

निबंध इंग्रजीतच निघतो, पण गंमत कळायला इंग्रजी लागत नाही. आपल्याकडच्या प्रबंधांची भाषा घ्या आणि हा साचा बघा:

‘प्रस्तुत शोधनिबंधात ( ) या विषयाचा ( ) दृष्टिकोनातून ( ) अभ्यास करण्यात आला असून, प्राप्त निष्कर्ष ( ) क्षेत्रातील ( ) निश्चितच मार्गदर्शक ठरतील.’

पाच जागा. प्रत्येकीसाठी वीस शब्दांची यादी केली की या एका ओळीतून ३२ लाख वाक्यं निघतात. सिंचन, समग्र, चिकित्सक, कृषी, धोरणकर्त्यांना. आता सिंचनाच्या जागी पोवाडा घाला आणि कृषीच्या जागी लोककला. वाक्याला खरचटतसुद्धा नाही! विषय काढून घेतला तरी जे वाक्य डळमळत नाही ते त्या विषयाबद्दल काही सांगतच नव्हतं. सायजेनची सगळी वाक्यं या जातीची आहेत. त्रासदायक गोष्ट अशी की प्रामाणिक माणसांनी लिहिलेल्या प्रस्तावनांतही ही जात सर्रास भेटते. म्हणून तर सायजेनचा निबंध प्रस्तावनेत ओळखू येत नाही.

प्रस्तावना आणि समारोप ही या साधनाची बलस्थानं. आधीच्या संशोधनाचा आढावाही फर्मास: अमक्यांनी तमकी पद्धत सुचवली, ती आमच्या पद्धतीपेक्षा वेगळी आहे, तिला मर्यादा आहेत. सबुरीचे शब्दही जागच्या जागी. ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘आमच्या माहितीप्रमाणे’. कर्मणी प्रयोग, लांब समास, आकड्यांत बांधलेले विभाग, आकृतीखालच्या ओळी, शेवटी कंसातले संदर्भ. ओळखीच्या जागी ओळखीची वस्तू दिसली की वाचणारा ती ‘तपासली’ असं धरून चालतो. घाईतला परीक्षक तर सारांश, समारोप आणि आकृत्या एवढंच बघतो, आणि सायजेनने रंगरंगोटी नेमकी तिथेच केलेली असते.

पायाखालची फळी हलते ती मधल्या भागात. सगळ्यांत आधी आलेख बघावेत. अक्षावर राशीचं एक नाव आणि कंसात एकक असतं, पण दोन्ही वेगवेगळ्या याद्यांतून उचललेली. त्यामुळे लागणारा वेळ अंश सेल्सिअसमध्ये मोजला गेला, असले प्रकार होतात. रेषा सुबक, खुणा व्यवस्थित, खाली भारदस्त ओळ. आणि एककाचा राशीशी काडीचा संबंध नाही. भाषेच्या साच्याला एकक म्हणजे आणखी एक गाळलेली जागा. मोजणाऱ्या माणसासाठी तो हातातल्या उपकरणाचा पुरावा असतो.

दुसरी फट पद्धतीच्या विभागात. तिथे यंत्रांची नावं आणि आकडे भरपूर येतात, पण एका परिच्छेदातला आकडा पुढच्या परिच्छेदाला माहीत नसतो. व्याकरणाला स्मरणशक्ती नाही. नियम फक्त आपल्या वाक्यापुरतं बघतो, म्हणून प्रयोगाच्या मांडणीतून निकाल निघतच नाही. तिसरी फट संदर्भसूचीत. नामवंत संगणकशास्त्रज्ञांची आडनावं आणि आपणच दिलेली लेखकांची नावं एकत्र ढवळून, अस्तित्वात नसलेले निबंध रचलेले असतात. कुठलेही तीन शोधून बघा, एकही हाती लागत नाही.

औपचारिक भाषा वाईट, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. काही परीक्षणांत तो निघतो आणि तो चुकीचा आहे. मातीतला ओलावा मोजल्याची ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा.

‘मृदा नमुने प्रमाणित पद्धतीने योग्य तापमानास पुरेसा काळ शुष्क करण्यात आले.’

‘मृदा नमुने ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवून, वजन स्थिर होईपर्यंत सुकवण्यात आले.’

दोन्ही कर्मणी, दोन्ही कोरडी, दोन्हींत ‘मी’ नाही. पण दुसऱ्या वाक्यावर भांडता येतं. माती जिप्समयुक्त असेल तर एवढ्या तापमानाला जिप्समच्या स्फटिकातलं पाणीही उडतं आणि ओलावा खोटाच जास्त दिसतो. म्हणून अशा मातीला साधारण ६० अंशांच्या आसपासच सुकवावं लागतं. जाणकाराला हा आक्षेप घेता आला तो १०५ हा आकडा छापला होता म्हणून. पहिल्या वाक्यात बोट ठेवायला जागाच नाही. ‘योग्य’, ‘पुरेसा’, ‘प्रमाणित’ हे तीन शब्द शास्त्रीय वाटतात आणि माहिती लपवतात. विश्वास ठेवायचा तर ज्याच्यात चूक सापडू शकते अशा वाक्यावर. सायजेनकडे असं वाक्य एकही नाही, आणि असलंच तर ते पहिल्याच तपासणीत पडतं.

डॅनियल ओपनहायमर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोगही इथे आठवावेत. विनाकारण बोजड शब्द घातलेला मजकूर वाचणाऱ्यांनी लेखकाला कमी हुशार ठरवलं होतं. त्या निबंधाला त्याच वर्षी साहित्याचं इग नोबेल, म्हणजे थट्टेचं नोबेल, मिळालं. मग जडपणा चालतो तरी कसा? कारण वाचणारा आणि मोजणारा हे दोघं वेगळे आहेत. जो खरोखर वाचतो त्याला जडपणाचा वैताग येतो. जो फक्त निबंध मोजतो त्याला भाषेचा पोत दिसला की पुरतं.

मोजणाऱ्यांची संख्या किती, हे या फुकट प्रोग्रामनेच दाखवून दिलं. फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे सिरिल लाब्बे शब्दांच्या वारंवारतेवरून दोन मजकुरांतलं अंतर मोजतात. सायजेनचे निबंध एकमेकांच्या फार जवळ पडतात, म्हणून पकडले जातात. त्यांच्या शोधामुळे २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या दोन प्रकाशकांनी मिळून १२० हून अधिक निबंध काढून टाकले. पुढे २०२१ मध्ये गिओम काबानाक आणि लाब्बे यांनी सायजेनच्या ठरावीक वाक्यखंडांचा माग काढत १९ प्रकाशकांकडचे २४३ निबंध शोधले. त्यातल्या फक्त ४६ वर तोवर काही कारवाई झाली होती. म्हणजे थट्टा म्हणून केलेलं खेळणं लोकांनी गंभीरपणे वापरलं, नावापुढे निबंधांची संख्या वाढवायला. यात दोष प्रोग्रामचा नाही, पण मूळ तिघांनीही हे धरलं नसावं.

आता तुलना. सायजेन जुना झाला, त्याची जागा दोन नव्या साधनांनी घेतली आहे. पहिलं, वाक्य फिरवून देणारी संकेतस्थळं. दुसऱ्याचा मजकूर टाकायचा, समानार्थी शब्द घालून परत घ्यायचा. आपल्याकडे याला मागणी का, ते सांगायला नको: यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि बरेच विद्यार्थी तो आकडा खाली आणणं हेच काम समजतात. ही संकेतस्थळं पारिभाषिक शब्दालाही साधा शब्द समजून फिरवतात. काबानाक, लाब्बे आणि अलेक्झांडर मगाझिनोव्ह यांनी २०२१ मध्ये अशा ‘छळलेल्या’ शब्दप्रयोगांचा संग्रह मांडला. आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं झालं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे बनावट जाणीव. ब्रेस्ट कॅन्सरचं ‘बुझम पेरिल’, उराचं संकट. हे छापून आलेलं आहे! पारिभाषिक शब्दाला समानार्थी नसतो, हे ज्याला माहीत नाही त्याने तो विषय शिकलेला नाही, एवढं त्यावरून कळतं. या साधनांना शून्य गुण. सायजेन निदान चोरी करत नाही.

दुसरं, चॅटबॉट. एकक बरोबर, परिच्छेदाला परिच्छेद जुळलेला, भाषा गुळगुळीत. सायजेनच्या वरच्या तीन फटींपैकी दोन इथे बऱ्याचशा बुजल्या आहेत. संदर्भांची फट उघडीच आहे. नसलेले निबंध खऱ्या नियतकालिकांच्या नावावर खपवले जातात, खंड आणि पृष्ठांसकट. शिवाय सांडलवंड. २०२४ मध्ये एका नामांकित नियतकालिकातल्या निबंधाची प्रस्तावना ‘नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाच्या वाक्याने सुरू झाली होती. लेखक, परीक्षक, संपादक, मुद्रितशोधक, कुणीच पहिली ओळ वाचली नव्हती.

वर्गात सायजेन वापरायचा तर क्रम असा ठेवावा. एकच सीड देऊन एक निबंध काढा आणि शेजारी त्याच विषयातला एक खरा, कंटाळवाणा निबंध ठेवा. दोन्हींवरची लेखक आणि संस्थेची नावं झाका. आधी दहा मिनिटं फक्त सारांश आणि समारोप वाचायला द्या आणि मतदान घ्या. मग क्रम उलटा करा: आधी आलेखांची एककं, मग तक्ते, मग तीन संदर्भ शोधणं, शेवटी सारांश. तक्त्यांसाठी एक छोटी तपासणी शिकवून ठेवावी. पूर्णांकांत दिलेल्या २० उत्तरांची सरासरी ३.४७ येऊच शकत नाही. ६९ भागिले २० म्हणजे ३.४५ आणि ७० भागिले २० म्हणजे ३.५०, मधे काही नाही. या तपासणीला ग्रिम म्हणतात. ती निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी मांडली आणि तिला कागद-पेन्सिल पुरते.

एक काळजी मात्र घ्यावी. प्रत्येक पानावर ‘बनावट, वर्गासाठी’ असं आडवं छापा, लेखकांच्या जागी खऱ्या विद्यार्थ्यांची नावं घालू नका आणि ती पीडीएफ कॉलेजच्या संकेतस्थळावर चुकूनही चढवू नका. लाब्बे यांनी २०१० मध्ये सायजेनमधून १०० निबंध काढले, ते एकमेकांना संदर्भ देतील असे विणले, खऱ्या निबंधांचे संदर्भ देणारा आणखी एक जोडला आणि सगळे नुसते वेबवर ठेवले. शोधनिबंध शोधून देणाऱ्या गुगल स्कॉलरने ते उचलले. त्यांचा लेखक म्हणून दाखवलेल्या आइक अँटकेअर या अस्तित्वातच नसलेल्या शास्त्रज्ञाचा एच-इंडेक्स ९४ झाला, म्हणजे त्याच्या ९४ निबंधांना प्रत्येकी निदान ९४ संदर्भ मिळाले.