रेकॉर्डरवर टायटॅनिक: सात महिन्यांनंतर (आणि तो एफ!)

ऑक्टोबरमधला माझा रिव्ह्यू इथे पुरा करतेय. लेकीला पाचवीत शाळेने रेकॉर्डर (बासरीसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) आणायला सांगितला म्हणून जूनमध्ये ऑनलाइन मागवला. साडेपाचशे रुपये, साधा प्लास्टिकचा सोप्रानो (म्हणजे उंच आवाजाचा), सोबत साफ करायची काडी आणि पिशवी. लेकीने सव्वा महिना वाजवला, मग कराटे सुरू झालं आणि रेकॉर्डर टीव्हीच्या मागे जाऊन पडला. साडेपाचशे रुपये धूळ खात पडलेले मला बघवत नाहीत, म्हणून मी उचलला, एवढीच माझी संगीतसाधना.

गाणं कुठलं तर टायटॅनिकचं. १९९७ च्या त्या पिक्चरची धून माझ्या वयाच्या प्रत्येकाच्या कानात बसलेली आहे, आणि हे महत्त्वाचं आहे, का ते सांगते. नेटवर मिळतात त्या लेटर नोट्समध्ये फक्त स्वरांची इंग्रजी अक्षरं असतात. एफ एफ एफ एफ ई एफ, पुढे एफ ई एफ जी ए जी. (जी ए म्हटलं की मराठी माणसाला जे आठवतं ते आठवून मी दोनदा हसले.) कुठला स्वर किती वेळ धरायचा ते कुठेच नाही, खालचा सी आणि वरचा सी दोन्ही नुसते सी. धून आधीच डोक्यात असेल तरच ही अक्षरं कामाची, नसेल तर किराणा मालाची यादी वाचल्यासारखं वाजतं.

आता मुख्य तक्रार. एफ. पहिले चार स्वर एफच, आणि माझा एफ लागेचना. कुठल्या स्वराला कुठली भोकं दाबायची त्याचा चार्ट डाउनलोड केला होता, त्यात एफला अंगठा, वरची चार बोटं, मग एक भोक मोकळं सोडून खालची दोन दाबायची. अनामिका आणि करंगळी अशी वाकडी करून ठेवायची की पोळ्या लाटताना हात दुखायचा. एवढं करूनही स्वर उतरलेलाच. दोन महिने मला वाटलं माझाच श्वास कमी पडतोय, म्हणून जोरात फुंकलं तर किंचाळतो, हळू फुंकलं तर आणखी खाली जातो.

शेवटी विक्रेत्याला लिहिलं की पीस डिफेक्टिव्ह आहे, बदलून द्या. उत्तर आलं, मॅडम तुमची फुंक बरोबर नाही, आणि तोंडाला लावलेली वस्तू आम्ही परत घेत नाही. उष्टं परत घेणार नाही हे मला पटतं हो, पण माझ्या फुंकेवर बोलायचं काय कारण? आठ दिवस मेसेज मेसेज खेळले, मग रागात दोन स्टार देऊन मोकळी झाले. इथपर्यंतचा रिव्ह्यू तुम्ही वाचला असेल तर तो ऑक्टोबरमधला.

नोव्हेंबरात काय झालं, सासूबाई भजनी मंडळाची पेटी काढून बसल्या होत्या आणि आतून माझं टायटॅनिक चालू होतं. त्या म्हणाल्या, "अगं, तुझा सा आणि नी एका ताटात जेवतायत." मी म्हटलं मी सा वाजवतच नाहीये, एफ वाजवतेय. त्या म्हणाल्या, "तेच ते, पांढरी चार." आणि त्यांनी पांढरी चारला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या पांढऱ्या पट्टीला, सा धरून पेटीवर वाजवून दाखवलं: सा सा सा सा नी सा, सा नी सा रे ग रे. आयुष्यात हे गाणं नीट ऐकलं नसेल त्यांनी, पण अर्ध्या मिनिटात बसवलं. माझा एफ खरंच इतका उतरला होता की शेजारच्या ई ला जाऊन चिकटत होता.

मग म्हणाल्या, "खालची दोन बोटं उचलून बघ जरा." उचलली. आणि एफ लागला! स्वच्छ, पेटीशी जुळणारा. मी वेड्यासारखी पाच मिनिटं नुसता एफ वाजवला.

कारण नंतर शोधलं. रेकॉर्डर दोन प्रकारचे असतात, बरोक आणि जर्मन. १९२० च्या दशकात जर्मनीत पेटर हार्लान म्हणून एक वाद्यं बनवणारा होता, त्याने नवशिक्यांना एफ सोपा जावा म्हणून भोकांची मापं बदलली. माझा जर्मन, चार्ट बरोकचा. ओळखायची खूण एकदम सोपी: वरून चौथं आणि पाचवं भोक बघा, पाचवं लहान असेल तर जर्मन, चौथं लहान असेल तर बरोक. माझ्या पीसवर मागे बारीक जी उमटवलेलं होतं, मला वाटलं होतं काहीतरी बॅच नंबर असेल. म्हणजे वाद्य धडधाकट होतं, फुंकही धडधाकट होती, आणि सोप्या एफसाठी बनवलेल्या वाद्यावर मी अवघड एफ वाजवत बसले होते. पण विक्रेत्याने पानावर "जर्मन" हा एक शब्द लिहिला असता तर माझी करंगळी वाचली असती, त्यामुळे तो वाद मी अजूनही हरलेली नाही.

स्टार दोनाचे चार केले.

बाकीचं पटकन. थंडीत पाच मिनिटांत तोंडापाशी पाणी जमतं आणि आवाज घुसमटतो, म्हणून आधी काखेत धरून गरम करते (नवरा बघतो तेव्हा थर्मामीटर म्हणतो). प्रत्येक स्वराला जिभेने हलकं "तु" म्हणायचं, नाहीतर चार एफचा एकच लांब एफ होतो. ध्रुपद आलं की बी फ्लॅट (बीपेक्षा अर्धा स्वर खालचा) लागतो, त्यात मधलं बोट उचलून त्याच्या खालची दाबून ठेवायची, तो माझा अजून दहातून सहा वेळाच लागतो. आणि मूळ गाणं लावून सोबत वाजवायचा हट्ट करू नका. ते ई मेजर पट्टीत आहे, नोट्स एफमध्ये, अर्ध्या स्वराचा फरक, दोन्ही एकत्र लागलं की भांडण ऐकू येतं. मी फोनवर अ‍ॅपने गाणं अर्धा स्वर चढवून घेतलं, बरं जमत होतं, पण शेवटाकडे गाणं स्वतःच पट्टी बदलून वर जातं आणि आपण खाली किनाऱ्यावर.

आता नवीनच. लेक कराटेला कंटाळून परत रेकॉर्डरकडे आलीय आणि तिच्या सरांनी दिलेल्या गाण्यात एफ शार्प (एफपेक्षा अर्धा स्वर वरचा) आहे. जर्मनचा एफ सोपा केला त्याची किंमत नेमकी तिथे वसूल होते, एफ शार्प धड लागत नाही. सर म्हणतात बरोक घ्या. मी सरांना विचारलंय, एफ शार्प नसलेलं दुसरं गाणं चालेल का.