‘उद्या पाणी हाय का, दादा?’

जालन्यात आमच्या भागात नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, तेही पहाटे पाच ते सव्वासहा. तेवढ्या वेळात मोटर लावायची, गच्चीवरची टाकी भरायची, दोन ड्रम, हंडे, कळशा, शेवटी बादल्यासुद्धा. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला पडलेला असतो. पाण्याच्या दिवशी पहाटे मी कुणालाच सापडत नाही, हे घराबाहेर एकाच माणसाला नेमकं ठाऊक होतं. त्याच माणसानं एप्रिल २०२२ मध्ये त्या सव्वा तासाचा फायदा घेऊन माझा एका ऑनलाइन गेममध्ये नऊ महिन्यांत उभा केलेला जहाजांचा ताफा संपवला, आणि त्याच आठवड्यात आमच्यातल्या नऊ जणांचे खरे पैसे घेऊन तो गेला.

ताफा गेला म्हणजे गेमच तर होता, असं बरेच जण म्हणाले. ज्यांनी हा गेम खेळलाय ते म्हणणार नाहीत. आणि ज्यांची मुलं, भाऊ असल्या गेममध्ये रात्र-रात्र बसतात, त्यांनी तर हे वाचावंच.

गेमचं नाव ओगेम. २००२ साली जर्मनीत सुरू झाला, ब्राउझरमध्ये चालतो. भारी फोन लागत नाही, नेटला रेंज कमी असली तरी पान उघडतं, म्हणून आमच्यासारख्या गावांतून तो टिकला. नऊ आकाशगंगा, प्रत्येकीत ४९९ सूर्यमाला, प्रत्येक मालेत पंधरा जागा. त्यातली एक आपली. मेटल, क्रिस्टल आणि ड्युटेरियम काढायचं, त्यातून जहाजं बांधायची. सगळं खऱ्या घड्याळावर चालतं. एखादी इमारत बांधायला चौदा तास लागत असतील तर खरोखर चौदा तासच लागतात. मी मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहितो. दिवसभर सोयाबीन-हरभऱ्याच्या पट्ट्या लिहायच्या आणि रात्री मेटल-क्रिस्टलचा मेळ घालायचा, हे माझ्या स्वभावाला फार मानवलं होतं.

आपण झोपलो तरी हा गेम झोपत नाही, ही त्यातली खरी गोम. ग्रहावर उभा असलेला ताफा म्हणजे उघड्यावर ठेवलेली रास. म्हणून रात्री झोपण्याआधी सगळा ताफा लांबच्या मोहिमेवर पाठवून द्यायचा आणि आपण उठल्यावर तो परत येईल असं वेळेचं गणित बसवायचं. खेळणारे याला फ्लीटसेव्ह म्हणतात. ताफा हवेत असताना त्याला कुणी हात लावू शकत नाही. धोका असतो तो परतण्याच्या क्षणाला. तो क्षण सेकंदासकट ज्याला कळला, तो आपला हल्ला त्यानंतर चार-सहा सेकंदांनी उतरवतो.

तो क्षण कळतो कसा, तर चंद्रावर बांधलेल्या फॅलँक्स नावाच्या यंत्रानं. प्रत्येक वेळी ५,००० ड्युटेरियम खर्चून टप्प्यातल्या ग्रहावरची ये-जा त्यातून बघता येते. पाचव्या पातळीच्या फॅलँक्सचा टप्पा २४ सूर्यमालांचा. मात्र चंद्रावरची ये-जा त्याला दिसत नाही. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचा चंद्र, त्याचा ताफा झाकलेला; ज्याच्याकडे नाही, तो उघडा. माझ्याकडे चंद्र नव्हता.

तो माणूस आमच्या आघाडीत, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. आम्ही तेवीस जण, बहुतेक मराठवाड्यातले: परभणी, नांदेड, बीड, लातूर, दोघे अंबडचे. त्यानं स्वतःला नांदेडकडचा सांगितलं आणि बोलणंही तसंच होतं. त्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही. खेळातलं नाव देत नाही, कारण तो ते बदलून पुढे गेला असणार.

माणूस फार गोड. कुणाला क्रिस्टल कमी पडलं की न मागता पाठवायचा. गेममधला देवाणघेवाणीचा दर साधारण तीनास दोनास एक असा असतो, तीन मेटलला दोन क्रिस्टल किंवा एक ड्युटेरियम. हा नेहमी समोरच्याच्या बाजूनं झुकतं माप द्यायचा. माझ्यापासून चौदा सूर्यमालांवर त्यानं वसाहत केली, तिला चंद्र मिळवला आणि त्यावर फॅलँक्स बांधला. मला म्हणाला, ‘दादा, तुमच्या आजूबाजूला कोन फिरतंय त्यावर नजर ठेवतो. तुमी निवांत ऱ्हावा.’ मी आभार मानले. चौदा माला म्हणजे माझे सगळे ग्रह त्याच्या टप्प्यात आले, हे आकड्यांत वावरणाऱ्या मला सुचलं नाही.

चंद्र देण्याचाही शब्द त्यानंच दिला होता. चंद्र विकत मिळत नाही. ग्रहावर मोठी लढाई व्हावी लागते, जहाजांचे अवशेष पडावे लागतात, आणि दर एक लाख अवशेषांमागे एक टक्का शक्यता, जास्तीत जास्त वीस टक्के. त्यासाठी मित्र आपली १,६६७ लाइट फायटर दुसऱ्याच्या ग्रहावर मुद्दाम मारून घेतो. ‘पुढल्या आठवड्यात करू दादा.’ मग सोयाबीन निघालं, मग त्याच्या घरी लग्न निघालं, मग नेट बंद पडलं. अकरा महिने पुढला आठवडा उजाडला नाही. मला चंद्र मिळता तर त्याचा फॅलँक्स माझ्यापुरता आंधळा झाला असता, हे मी नंतर, सगळं गेल्यावर, एकटा बसून मांडलं.

एकदा त्यानं पासवर्डही मागितला होता, ‘तुमी पंढरपूरला गेल्यावर मी सांभाळतो’ म्हणून. मी नाही म्हणालो. तो लगेच मागे सरला, वाईट वाटल्याचंही दाखवलं नाही. त्या एका नकारानं मला वाटलं, आपण सावध आहोत. पासवर्ड जपला आणि बाकी सगळं स्वतःहून सांगत राहिलो. आडत किती वाजता उघडते, दुपारी जेवायला कधी बसतो, पोराला क्लासला सोडायला कोणत्या वारी जातो. आणि पाणी. तो वरचेवर विचारायचा, ‘उद्या पाणी हाय का, दादा?’ मला वाटायचं, किती आपुलकी आहे. आमच्याकडे पाण्याची चौकशी ही आपुलकीच असते. पाहुणा आला की पाऊसपाणी विचारल्याशिवाय बोलणं पुढे जात नाही.

एप्रिलमध्ये त्यानं शेवटचा सल्ला दिला. मी ताफा सकाळी साडेसहाला परत येईल असा पाठवायचो, पाणी भरून झाल्यावर. तो म्हणाला, ‘तवा तुमी मोंढ्यात जायच्या घाईत असता. पावणेसहाला उतरवा. मी पाचला उठतो, फॅलँक्सवर बघत बसतो. काही दिसलं तर फोन करतो.’ मी ऐकलं.

दोन दिवस आधी एक खूण दिसली होती. कुणा अनोळखी खेळाडूचा एकुलता एक हेरगिरीचा प्रोब माझ्या ग्रहावर हल्ला करून पडला. प्रोबला एक हजार क्रिस्टल लागतं आणि पडल्यावर त्याचे तीस टक्के अवशेष उरतात; माझ्या ग्रहाशेजारी ३०० क्रिस्टलचा ढिगारा दिसत होता. एवढं-एवढंसं. मी हसून सोडून दिलं. ओगेममध्ये ढिगारा असल्याशिवाय तो उचलणारी रिसायकलर जहाजं पाठवता येत नाहीत. ज्याला लढाईनंतर लगेच लूट उचलायची असते, तो आधी असा एक प्रोब मरायला पाठवतो. तुमच्या ग्रहाजवळ विनाकारण ३०० क्रिस्टल दिसलं, तर त्या रात्रीची तुमची सगळी गणितं बदला. या सगळ्या लिहिण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

त्या पहाटे जायकवाडीच्या पाण्याला बरा जोर होता. दुसरा ड्रम भरत आला तेव्हा साडेपाच झाले असतील. सव्वासहाला मोटर बंद केली, हात पुसले, फोन घेतला. ताफा परतला होता ५:४२:१० ला. हल्ला उतरला ५:४२:१६ ला. लढाई जास्तीत जास्त सहा फेऱ्यांची असते; माझी तिसऱ्या फेरीतच संपली होती. ३१० बॅटलक्रूझर, २०० बॅटलशिप. अहवालाच्या वरच्या ओळीत हल्ला करणाऱ्याचं नाव होतं, त्याचंच. मी तो अहवाल पुन्हा उघडला, कारण मला वाटलं की तो माझ्या बाजूनं लढायला आला असेल आणि नाव चुकून वर पडलं असेल. भरलेली बादली नळाखाली तशीच होती आणि वरून पाणी वाहत होतं. आमच्या घरात पाणी असं कधी वाहू दिलेलं नाही.

अवशेष एक कोटीच्या वर होते. ५२० रिसायकलर त्याच मिनिटात येऊन सगळे घेऊन गेले. हिशेबनीस आहे म्हणून मांडून पाहिलं: तेवढे अवशेष उचलायला ५०६ रिसायकलर लागतात. त्यानं चौदा जास्तीचे आणले होते. माझ्याकडे नेमकं किती काय आहे, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

मी समोर बसलेलो असतो तर सहा सेकंद पुरले असते. पान तयार ठेवून ताफा उतरताच पुन्हा उडवता येतो, मी तसं आधी केलंही होतं. म्हणून त्याला माझ्या जहाजांपेक्षा माझी गैरहजेरी हवी होती.

संध्याकाळपर्यंत आघाडीही गेली. सदस्य काढायचा आणि आघाडी विसर्जित करायचा अधिकार आम्हीच त्याला दिला होता, ‘काम करतो म्हणून’.

देवगिरीच्या किल्ल्याची गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून ऐकवतात. वेढा पडल्यावर गडावर चढवलेली धान्याची पोती उघडली तर आत मीठ निघालं, आणि रामदेवरायाला शरण जावं लागलं. खंदक, अंधारी वाट, ताशीव कडा, काही म्हणजे काही कामाला आलं नाही. मला त्या रात्री तीच पोती आठवत राहिली.

नंतर मी या प्रकारच्या खेळांबद्दल बरंच वाचलं. ईव्ह ऑनलाइन नावाचा आइसलँडमधल्या कंपनीचा गेम आहे, २००३ पासूनचा. तिथे २००५ मध्ये एका भाडोत्री टोळीनं एका संघात जवळपास वर्षभर माणसं पेरली, वरची पदं मिळवली आणि एका दिवसात प्रमुखाचं जहाज पाडून कोठारं साफ केली. २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्स ही तिथली बलाढ्य आघाडी लढाईत हरली नाही. तिचाच एक संचालक गूनस्वार्म या शत्रूला मिळाला आणि हातातल्या अधिकारानं त्यानं ती विसर्जित केली. त्या गेमच्या नियमांत असली दगाबाजी बसते. आमच्याही गेममध्ये मित्रावर हल्ला करणं हा नियमभंग नाही. म्हणून ताफ्याबद्दल मी कुठे तक्रार केली नाही, करताही आली नसती. शब्द मोडला तर दाद कुणाकडे मागणार?

पण पैसे हा निराळा मामला. त्याच आठवड्यात त्यानं नऊ जणांकडून प्रत्येकी १,२०० रुपये फोनवरून घेतले होते, ‘डार्क मॅटर एकदम घेतलं की स्वस्त पडतं, मी सगळ्यांसाठी घेतो’ असं सांगून. १०,८०० रुपये. डार्क मॅटर हे त्या गेममधलं पैशानं मिळणारं चलन. ते ज्यानं-त्यानं आपल्या खात्यातून, गेमच्या अधिकृत दुकानातूनच घ्यायचं असतं. पैसे देणाऱ्यांत लातूरला नीटची तयारी करणारा एक मुलगा होता. खोलीभाड्यातले दिले होते त्यानं. घरी सांगायला घाबरून तो दोन आठवडे एक वेळच्या डब्यावर राहिला. माझ्या ताफ्यापेक्षा हे मला जास्त लागलं, कारण ‘दादा, देऊ का?’ असं त्यानं मला विचारलं होतं आणि ‘दे, आपलाच माणूस आहे’ असं मीच म्हणालो होतो. त्याचे पैसे मी भरून दिले.

अशा वेळी लाजत बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यातच अडकवून ठेवायची शक्यता जास्त. आम्ही अकराव्या दिवशी जागे झालो. नऊपैकी सहा जणांनी तक्रार केली, तिघांनी ‘बाराशे रुपयांसाठी कोण ठाण्यात जाणार’ म्हणून सोडून दिलं. अजून काही परत आलेलं नाही.

जुनं बोलणं मी पुसलेलं नाही. परवा पुन्हा वाचलं. ‘उद्या पाणी हाय का’ हे चौदा महिन्यांत अडतीस वेळा आहे. पहिल्यांदा विचारलं ते तो आघाडीत आल्यावर पाचव्या दिवशी. तुमच्या आघाडीत एखादा नवा, गोड बोलणारा, न मागता देणारा आला असेल, तर त्याचं बोलणं आज रात्री वर सरकवून बघा. तुमच्याकडे तो पाण्याचं विचारणार नाही. कुणाची रात्रपाळी कधी, कुणाची लाइट कधी जाते, कुणाची परीक्षा कोणत्या तारखेला, यातलं काही त्यानं दोनदा-तीनदा विचारलंय का, तेवढं मोजा.