एपीओला (सैन्याच्या पोस्ट ऑफिसला) पार्सल पाठवायचं असेल तर: साताऱ्यातले पार्सल शिवणारे काका

साताऱ्यात पोस्टाजवळच्या बोळात हे दुकान आहे. पाटी नाही. 'पार्सल शिवणारे काका' विचारलं की कुणीही दाखवतं.

आमचं लग्न 2 मे 2025 ला झालं. 7 तारखेला सकाळी ऑपरेशन सिंदूरची बातमी आली आणि दुपारी यांना फोन, सुट्टी रद्द. 8 ला पुण्याहून झेलम एक्सप्रेसने गेले. जेजुरीला जायचं राहिलं, ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करायची राहिली. दाखला नाही म्हणून पार्ट टू ऑर्डर (लग्नाची सैन्याच्या दप्तरातली नोंद) नाही, आणि ती निघेपर्यंत पलटणीच्या कागदावर मी यांची कुणीच नाही. काही बरंवाईट झालं तर फोन सासऱ्यांना येणार, मला नाही. रात्र रात्र हेच डोक्यात. सासूबाई टीव्ही बंद करायच्या, मी पांघरुणात मोबाइलवर बघायचे. 10 तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबला, सुट्टी मात्र परत मिळाली नाही.

म्हणून खाऊ पाठवायचं ठरवलं. आधी एका कुरियरवाल्याकडे गेले. त्याने पैसे घेतले, पावती दिली आणि नवव्या दिवशी खोकं परत आणून दिलं. एपीओच्या पत्त्यावर पोस्टानेच पाठवावं लागतं, हे घेतानाच सांगायचं ना! लाडू खवट झाले होते. सासूबाईंनी परत वळले.

काकांनी खोक्यातलं सगळं आधी बाहेर काढलं. कंदी पेढे बाजूला ठेवले. "पोरी, या उन्हात पेढा टिकायचा नाही. दिवाळीला पाठव." लोणच्याची बरणीही काढली, तेल झिरपलं की कापडावरचा पत्ता जातो. राहिले लाडू, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि लग्नाचे दोन फोटो. फटीत कोंबायला मी पेपर चुरगळायला लागले तर म्हणाले, "घड्या घालून लाव. तिकडं मराठी वाचायला मिळत नाही, पोरं पॅकिंगचा पेपरसुद्धा वाचतात." मग मांजरपाट, दाभण आणि एकाला एक लागून टाके.

पत्ता मलाच लिहायला लावला. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, 56 एपीओ आणि 9 ने सुरू होणारा पिन. गाव नाही, जिल्हा नाही. नवरा कुठे आहे हे बायकोने विचारायचं नसतं, हे मला माहीत होतं, पण हाताने लिहिताना ते फार लागलं. मार्कर तसाच धरून मी उभी राहिले. मागे अपशिंगे मिलिटरीच्या दोन बायका होत्या. पहिल्या महायुद्धात 46 जवान गेलेलं ते गाव. त्यांनीही घाई केली नाही. पुढे पाठवणाऱ्याच्या जागी मी सवयीने माहेरचं आडनाव लिहून बसले. काकांनी काही न बोलता त्यावर कापडाचा नवा तुकडा शिवला आणि मार्कर परत माझ्या हातात दिला. सासरचं आडनाव मी पहिल्यांदा लिहिलं ते त्या तुकड्यावर.

शिलाईचे 140 रुपये, पोस्टाचे वेगळे. अकराव्या दिवशी यांचा फोन आला. एक टाका उसवला नव्हता. चटणी दोन दिवसांत संपली, पेपर अजून या हातातून त्या हातात फिरतोय म्हणाले.

जागा अरुंद आहे, बसायला काही नाही, लेकरू कडेवर असेल तर उन्हाच्या आत जा. पैसे रोखच घेतात. गुरुवारी बंद. दिवाळीचे पेढे मी इथूनच पाठवणार आहे.